आजोबांचा उजवा हात

आमच्या घरात पुरावा मागायचा हक्क फक्त बाबांना होता. बाकीच्यांनी तो द्यायचा, आणि दिला की त्यात खोट निघायची.

बाबा मोजणी खात्यात होते. शेतं मोजायची, हद्दीवर दगड बसवायचे आणि बांध-धुऱ्यावरून एकमेकांच्या जिवावर उठलेल्या सख्ख्या भावांना सांगायचं, तुझं इथवर आणि तुझं तिथवर. एखादा म्हातारा पाया पडून रडायला लागला की बाबा फीत गुंडाळता गुंडाळता म्हणायचे, "रडल्यानं हद्द सरकत नसते बापू. कागद दाखव, नाही तं दगड दाखव." हे ते घरी येऊन जेवताना आम्हाला कौतुकानं ऐकवायचे. म्हाताऱ्याच्या रडण्याची नक्कलही करायचे. नक्कल झकास करायचे, हे कबूल करायला हवं. आम्ही पोट धरून हसायचो. आई तेवढी हसायची नाही, ती भाकरी थापत असायची.

निवृत्त झाले आणि आईला घेऊन शेलूबाजारजवळच्या आमच्या गावी राहायला गेले. मोजायला शेतं उरली नाहीत, म्हणून त्यांनी पवित्र शास्त्राला फीत लावली. बायबलात लिहिलेलं जमिनीत सापडतं की नाही, हा त्यांचा नवा उद्योग. गावात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याएवढी, पत्र्याचं एक देऊळ, आणि मंगरूळपीरहून मोटारसायकलवर येणारे पाळकसाहेब. त्यांचं प्रवचन संपलं की बाबा उभे राहायचे. पेपरातली कात्रणं, मोबाईलवर आलेले फोटो. यरुशलेमेत खडक फोडून काढलेला पाण्याचा बोगदा सापडला. शास्त्रात ज्या रोमी सुभेदाराचं नाव आहे, त्याचं नाव कोरलेला दगड सापडला. "शास्त्र म्हनते अन् फावडं सांगते," असं म्हणून ते मंडळीकडे बघायचे, जणू तो दगड त्यांनीच सकाळी जाऊन उपसला होता. मंडळी आमेन म्हणायची. सोयाबीन काढून थकलेली माणसं, त्यांना घरी जायचं असायचं.

मी वाशिमला शाळेत इतिहास शिकवते. उत्खननातलं मला जे थोडंफार कळतं, त्यावरून एवढंच सांगेन की जमीन आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर क्वचितच देते. राजा होता, एवढं सांगते. तो रात्री देवापुढे रडला होता का, ते सांगत नाही. शास्त्रातली काही नावं दगडावर सापडलीत, ते खरंच आहे. काही ठिकाणी नुसती भिंत सापडते आणि तिचं वय जुळत नाही. यरीहो शहराच्या पडलेल्या भिंतीचं तसंच आहे, खोदणाऱ्यांचंच आपसात पटत नाही. हे मी एकदा बाबांना सांगितलं.

"तू गेली होती काय तिथी?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मंग?"

"तुम्ही तरी गेला होतात का?"

"मले जायची गरज नाही," बाबा म्हणाले आणि चहा मागितला.

त्यांना जायची गरज नव्हती, कारण त्यांच्याकडे घरचा पुरावा होता. आजोबांचा उजवा हात.

आजोबा गावातले पहिले ख्रिस्ती. मिशनच्या बंगल्यावर चौकीदार होते, कमरेच्या पट्ट्याला पितळी बिल्ला. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी मेलेली ढोरं ओढायला नकार दिला. गावानं त्यांना चावडीपुढे बोलावलं आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं उजवा हात कोपराखाली मोडला. हाड पुन्हा कधी जुळलंच नाही. हात लोंबत राहिला, ते डाव्या हातानं जेवले, डाव्या हातानं प्रार्थना केली, पण ढोर ओढलं नाही. ही आमच्या घरची गोष्ट. बाबा रांगत होते तेव्हा आजोबा वारले, म्हणजे तो हात त्यांना आठवणं शक्यच नव्हतं. आजीनं सांगितलेलं बाबांनी ऐकलं आणि दर ईस्टरला मंडळीला सांगितलं. वर्षागणिक तो दांडा जाड होत गेला आणि मारणारे वाढत गेले. शेवटी बाबा स्वतःचा उजवा हात लोंबता ठेवून देवळात चालून दाखवायचे, तेव्हा बाया पदर डोळ्याला लावायच्या. पुरावा कोणी मागितला नाही. कोण मागणार?

आई मूळची केनवडची, बौद्ध घरातली. आमच्या भागात सोयरीक जुळवताना धर्माआधी नातंगोतं बघायचे, त्यामुळे हे लग्न कोणाला फारसं खटकलं नव्हतं. तिला एकच भाऊ, माझा मामा. केनवडला थोडी शेती, बाजाराच्या दिवशी सायकल दुरुस्तीचं दुकान. मामाकडेही बापाची एक गोष्ट होती. छप्पन साली त्याचे वडील पांढरे कपडे घालून नागपूरला दीक्षेला गेले होते. जाताना घरातले सगळे देव विहिरीत सोडले आणि येताना पायाला फोड घेऊन आले. मामा ही गोष्ट हळू आवाजात सांगायचा, बापाचं नाव आलं की उठून उभा राहायचा. हात लोंबवून वगैरे दाखवायचा नाही.

माझ्या साखरपुड्याच्या दिवशी मांडवात पंगत बसली होती. नव्या पाहुण्यांनी मामाला सहज विचारलं आणि मामानं ती गोष्ट सांगितली. बाबा वाढप बघत फिरत होते. ते थांबले.

"फोटो हाय काय, पाव्हने?" बाबांनी विचारलं.

मामा हसला. "फोटो कोनाचा काढतीन भाऊजी? लाखो लोकं होते."

"लाखोत तुमचा बाप होता हे कायवरून?"

"बापानं सांगतलं. मायनं पाह्यलं. पायाले फोड होते."

"फोड तं कापूस येचायले गेल्यावरबी येतेत," बाबा म्हणाले. "गेला असन कोनाच्या वावरात अन् घरी येऊन सांगतलं, नागपूरले गेलो होतो."

पंगत हसली. नवे पाहुणेही हसले, त्यांना वाटलं मेहुण्या-मेहुण्यांची थट्टा चालली आहे. आई बुंदीचं पातेलं घेऊन उभी होती. मामानं पानातला घास पानातच ठेवला आणि भरल्या ताटावरून उठला. बाबांना म्हणाला, "चुकलो म्हना भाऊजी. यवढंच म्हना, मी बसतो."

"चुकलो कसा? मी इचारलं फक्त."

"मंग तुमी चुकलो म्हनसान तवाच तुमच्या घरचं पानी."

तो गेला. त्यानंतर मामा आमच्या दारात आला नाही. माझ्या लग्नाला नाही, कशालाच नाही. आई केनवडला जाऊन यायची, जीपमध्ये कोंबून, रिसोडला गाडी बदलून. मामा तिचं सगळं करायचा, साडी घ्यायचा, सोबत मुगाची डाळ बांधून द्यायचा. पण निघताना ती म्हणाली, चल ना रे माझ्यासोबत, की तो चपला घालून स्टँडपर्यंतच यायचा.

बाबांना शिव्या देणं सोपं आहे, आणि मी पुष्कळ दिल्या आहेत. पण ते लबाड नव्हते. तिथेच घोडं पेंड खात होतं. त्यांना खरंच वाटायचं की आपण प्रामाणिक आहोत. आई आजारी पडली, किडन्या गेल्या, अकोल्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. माझ्यासमोर मागितली. मी तिचे पाय चेपत होते.

"एकडाव म्हना ना त्याले, चुकलो म्हनून," आई म्हणाली. "तो इथी येऊन बसन माह्याजवय. तुमचं काय जाते?"

बाबांनी नीट विचार केला. मी त्यांचा चेहरा बघत होते, ते खरंच विचार करत होते.

"खोटं कसं म्हनू वं?" ते म्हणाले. "त्याचा बाप गेला होता का नाही, मले काय माहीत? मी माह्या जिंदगीत एक मोजणी चुकलो नाही अन् आता मरत्या मानसासमोर खोटं बोलू?"

मरतं माणूस कूस बदलून भिंतीकडे वळलं. मला त्या क्षणी बाबांचा इतका राग आला की हातातली तेलाची वाटी त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. आईनं पुन्हा विचारलं नाही. तिचं माहेर केनवडला जिवंत होतं, आणि ते माझ्या फोनमध्ये येऊन विचारायचं, "ताई कशी हाय? भाऊजी काही बोलले काय?" मी सांगायचे, नाही.

आई एका सकाळी गेली. मी मामाला फोन केला. तो म्हणाला, "मी मातीले येतो. घरी नाही."

आमचं कबरस्तान ओढ्याच्या काठी आहे, मुरमाड जमिनीचा एक तुकडा. जागा कमी, म्हणून आमच्याकडे रीत अशी की नवं माणूस त्याच घरच्या जुन्या कबरीत ठेवायचं. जुनी कबर उघडायची, हाडं गोळा करून नव्या पांढऱ्या कापडात बांधायची आणि नव्या माणसाच्या पायाशी ठेवायची. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. सासरा सुनेच्या पायाशी जातो, आजी नातवाच्या. निवृत्त झाल्यावर बाबांनी अख्खं कबरस्तान मोजलं होतं, वाकडे क्रूस सरळ केले होते. आजोबांची नाव कोरलेली जुनी फरशी सिमेंटमध्ये पक्की बसवली होती. "आता हजार वर्षांनं कोनी खोदलं तरी त्याले समजन," असं तेव्हा म्हणाले होते.

आईला आजोबांच्या कबरीत ठेवायचं ठरलं. बाबांनी ठरवलं. मला वाटलं, रीत आहे म्हणून. कबरस्तानात पोचल्यावर कळलं की रीत बाजूला होती. बाबांच्या पिशवीत मोजणीची फीत होती आणि रंगवायचा एक नवा ब्रश होता. त्यांच्या कात्रणांमधले लोक असेच ब्रश घेऊन बसलेले असायचे.

मंडळीतल्या दोघांनी फरशी काढून खोदायला घेतलं. आईची पेटी कडुनिंबाखाली सावलीत ठेवली होती, मी पदरानं माश्या हाकत होते. मामा पांढऱ्या शर्टात फाटकाशी उभा होता. फावड्याला काहीतरी लागलं तसे बाबा ओरडले, "थांबा! कोनी हात लावू नका." आणि या वयात, बायको गेल्यावर चार तासांच्या आत, ते धोतर खोचून खड्ड्यात उतरले.

"पाळकसाहेब, इकडं या. अन् पाव्हन्यालेबी बोलवा," त्यांनी वर बघून सांगितलं. "पुरावा कसा असते ते त्यालेबी पाहू द्या."

मामा आला. खड्ड्याच्या कडेला उभा राहिला.

आधी बिल्ला सापडला. हिरवा पडलेला, पण पितळीच, मिशनच्या चौकीदाराचा. बाबांनी तो धोतराला पुसला आणि सगळ्यांना दाखवला. त्यांचे डोळे भरून आले होते. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मला म्हणाले, "फोटो काढ." मी म्हटलं, "बाबा, सावली सरकली. आईच्या पेटीवर ऊन आलं."

"थांब वं पाच मिनिटं. ती काय कुठं जाऊन राह्यली?"

हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. पेटी मी आणि मंडळीतल्या दोन बायांनी ओढून पुन्हा सावलीत घेतली.

बाबा ब्रशनं माती झाडत होते. खांदा दिसला, मग दंड. कोपराच्या खाली ते हळू झाले. दोन हाडं असतात तिथे, समांतर. बाबांनी ती मनगटापर्यंत मोकळी केली. मुरमात हाडं चांगली टिकतात. दोन्ही सरळ होती, नितळ, कुठे तडा नाही, कुठे गाठ नाही. त्या हातानं माणूस खुशाल जेवला असेल.

बाबा ब्रश घेऊन पलीकडे सरकले, म्हणाले, "डावा पाहू." डावा मोकळा केला. तोही शाबूत.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. मला आजोबांबद्दल काहीच कमी वाटलं नाही. त्यांनी ढोर ओढायला नकार दिला असेल, गावानं मारलं असेल, त्या काळी एवढ्यावर मारायचेच. हाड मोडलं नसेल, मुका मार लागला असेल, आणि आजीनं नवऱ्याचं दुःख सांगताना ते मोडून सांगितलं असेल. प्रेमाचं माणूस असंच सांगतं. नुसता नकार पुरेसा होता. पण बाबांनी सगळा भार त्या एका हाडावर टाकला होता.

बाबा खड्ड्यात उभे राहिले. "हे आबा नाही," ते म्हणाले.

पाळकसाहेब चाचरत म्हणाले, "पण बिल्ला…"

"बंगल्यावर लय चौकीदार होते."

"अन् फरशीवर नाव हाय ना साहेब. तुमीच तं मोजून बसवली," खोदणाऱ्यांतला एक म्हणाला.

बाबांनी फरशीकडे पाहिलं, हातातल्या ब्रशकडे पाहिलं. मग सगळ्यांसमोर, अगदी स्पष्ट आवाजात म्हणाले, "माही मोजणी चुकली."

आयुष्यात पहिल्यांदा. पाया पडणाऱ्या म्हाताऱ्यांसमोर नाही, पंगतीत नाही, आईच्या खाटेशी नाही. सख्ख्या बापाची हाडं झिडकारायची होती, तेव्हा तो शब्द त्यांच्या तोंडातून सहज निघाला, काही लागलं नाही त्याला.

मामा कडेवरून म्हणाला, "यवढंच म्हनायचं होतं भाऊजी तवा." आवाज चढवला नाही. मग आईच्या पेटीकडे गेला आणि तिच्यावर हात ठेवून बसला, खड्ड्याकडे पाठ करून.

आमच्या कबरस्तानात एका कोपऱ्यात बेवारस हाडं पुरायची जागा आहे. खोदताना कोणाची म्हणून न समजलेली निघतात ती. बाबांनी सांगितलं, यांना तिकडे टाका. मंडळीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि घमेल्यात भरून नेलं. मी म्हटलं, निदान कापडात तरी बांधा. बाबा म्हणाले, "ओयखीच्या मानसाले बांधतेत." आई एकटीच खाली गेली, तिच्या पायाशी कोणी नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना लवकर आटपली. मामानं मूठभर माती टाकली, हापशीवर जाऊन हात धुतले, ओंजळीनं तिथलंच पाणी प्यायला आणि तिथूनच जीप धरून निघून गेला.

संध्याकाळी बाबांनी मला हाक मारली. खाटेवर ते पांढरं कापड होतं, शेलूबाजारहून आजोबांच्या हाडांसाठी आणलेलं, घडी न मोडलेलं.

"हे वापस करून ये उद्या," ते म्हणाले. "वापरलं नाही, घेईन तो."

मी परत केलं नाही. माझ्या कपाटात आहे.

ईस्टरची गोष्ट बंद होईल असं मला वाटलं होतं. कशाची होते! पुढच्याच ईस्टरला बाबा देवळात हात लोंबवून चालले. फक्त शेवट बदलला होता. मोशे एवढा मोठा, पण त्याची कबर कुठे आहे ते आजवर कोणाला ठाऊक नाही, शास्त्रातच तसं आहे. आमच्या आबाचीही तशीच, देवानं झाकून ठेवलेली. ज्यांनी स्वतःच्या हातानं घमेलं वाहिलं होतं ते दोघे समोरच बसले होते. त्यांनीही आमेन म्हटलं.

आता बाबा थकलेत. मी सुट्टीत जाते तेव्हा स्वयंपाक करून ठेवते. गेल्या नाताळात मी चूल विझवत होते, तर बाबा म्हणाले, "घरात कोनी बोलायले नाही वं. लय सुनं वाटते. तुही माय होती तं कोनी ना कोनी येत होतं."

मी म्हटलं, "मामाला बोलवू का? मी सांगितलं तर कदाचित येईल."

ते दाराकडे वळले. मला वाटलं, आता चुकलो म्हणतात.

"बोलाव ना," बाबा म्हणाले. "मी कवा नाही म्हनलं? फक्त येताना पुरावा घेऊन ये म्हनाव."